नाकावरची भिस्त

दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या इटालियन किचनमध्ये खैरुद्दीन मिरकर सव्वीस वर्षं सॉस करत होता, आणि त्यातल्या निम्म्या सॉसांची चव त्याने जन्मात घेतली नव्हती. कशात लाल वाइन पडायची, कशात पांढरी, कशात डुकराचं मांस. पाच वेळची नमाज पढणारा माणूस ते जिभेला लावणार कसं? आणि चव न घेणारा आचारी हॉटेलवाले ठेवणार कसा? या दोन प्रश्नांच्या मधे खैरुद्दीनचं नाक उभं होतं. तो पातेल्यावर वाकायचा, डोळे मिटायचा, एकदाच लांब श्वास ओढायचा आणि सांगायचा, "वाइन अभी कच्ची है. थोडा और." बाकीचे चमच्याने चाखून बघायचे, तर खरंच कच्ची असायची.

गावच्या मौलवीसाहेबांना ही नोकरी पसंत नव्हती. खैरुद्दीनने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही. दर शुक्रवारी तो अल्लाकडे माफी मागायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेल्यावर वाकायचा. पोट कुणाला चुकलंय? दाभोळच्या खाडीकाठी मिरकरांच्या घरी तेव्हा खाणारी तोंडं बरीच होती आणि कमावणारा हा एकटा.

आला होता तो भांडी घासायला. एके दिवशी मोरीपाशी उभा असताना तो शेजारच्या वेटरला म्हणाला, त्या पातेल्यातलं क्रीम आता फाटणार. हेडशेफ मागेच उभा होता. ब्रुनो त्याचं नाव. इटलीतल्या बोलोन्या शहराचा, पोट सुटलेला, तोंडाचा फटकळ. त्याने क्रीम चाखलं, शिवी हासडली, पातेलं ओतून दिलं आणि खैरुद्दीनला मोरीवरून काढून शेगडीपाशी उभा केला. तिथून पुढे चौदा-पंधरा वर्षं दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. ब्रुनोला घरची आठवण आली की तो बोलायला लागायचा, आणि आठवण त्याला रोजच यायची. "रविवारी सकाळी आधी चर्च, आईसाठी. मग बाजार, पोटासाठी. घाई करायची नाही. त्या बोळात तू डोळे मिटून चाल, खैरु. चीज कुठे, मासे कुठे, पाव कुठे, तुझं नाक तुला हाताला धरून नेईल." हे ऐकून ऐकून खैरुद्दीनला बोलोन्याचे बोळ शारजातल्या रस्त्यांइतके पाठ झाले होते. पुढे ब्रुनो घरी परत गेला, आणि काही वर्षांनी तो वारल्याची बातमीच आली. एकदा ते गाव बघायचं, असं त्या दिवशी खैरुद्दीनने मनाशी ठरवलं. बघायचं कसलं, हुंगायचं.

घर शारजात. दुबईत भाडं परवडत नाही म्हणून जे हजारो लोक रोज त्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत आयुष्य घालवतात, त्यांतलाच हा एक. शारजात दारूचा थेंब मिळत नाही. हा गृहस्थ दिवसभर दुबईत वाइन आटवायचा आणि संध्याकाळी आंघोळ करून, कपडे बदलून कोरड्या गावात घरी यायचा. त्याची बायको शहनाझ यावरून त्याला चिडवायची. पण त्याच नाकावर तिची सगळी भिस्त होती. बाहेर कुठेही जा, लग्नात, पार्टीत, ओळखीच्या उपेंद्र-अपर्णाच्या घरी दिवाळीच्या फराळाला, शहनाझ आधी ताटली नवऱ्यापुढे धरायची. तो हुंगायचा आणि मान हलवायचा. मग ती खायची. तुपात वनस्पती मिसळलंय का, केकमध्ये रम आहे का, कटलेट कशाचं आहे, सगळं त्याला नाकाने कळायचं. शेजारची उझमा हसायची, "भाभी, घरात फूड इन्स्पेक्टर पाळलाय तुम्ही." शहनाझला त्याचा अभिमानच होता. रमजानात रोजा धरून स्वयंपाक करताना चाखता येत नाही. उझमाचं मीठ कमी-जास्त व्हायचं, शहनाझचं कधी नाही. लोक म्हणतात मिठाला वास नसतो. खैरुद्दीन म्हणायचा, मिठाला नसेल, पण मीठ पडलं की रश्श्याचा वास बदलतो.

हे नाक गेल्या जानेवारीत गेलं.

ताप आला, चार दिवस अंथरुणात काढले, उठला. कामावर जाऊन कांदा-लसणाच्या पातेल्यावर वाकला, तर काही नाही. श्वास आत गेला, गरम लागला, बस. त्याला वाटलं सर्दी आहे. सर्दी गेली, वास आला नाही. एका क्लिनिकमधल्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, येईल किंवा येणार नाही, लिंबू, लवंग, गुलाब असं रोज हुंगत राहा. खैरुद्दीन बाथरूमचं दार लावून लवंग हुंगायचा. लवंगेच्या जागी खिळा हुंगला असता तरी फरक पडला नसता.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? नाक म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे व्हिसा, आणि शहनाझचा व्हिसा त्याच्याच व्हिसावर. नोकरी गेली की सव्वीस वर्षांचा संसार बॅगांत भरायचा. मुलगी एमान एका विमान कंपनीत चेक-इन काउंटरला होती, तिचा व्हिसा तिच्या कंपनीचा. ती इथली, इथेच वाढलेली, ती राहील. आणि आपण दोघं गावी जाऊन काय करणार, मच्छी मोजत बसणार?

म्हणून मग नाटक सुरू झालं. किचनमध्ये तो पातेल्यावर वाकायचा, डोळे मिटायचा, आणि चमचा पुढच्या पोरांच्या हातात द्यायचा. "बोल, क्या कम है?" पोरांना वाटायचं उस्ताद शिकवतोय. ती जीव तोडून सांगायची, आणि तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "शाबास, हबीबी." त्या वर्षात त्या किचनमधली पोरं फार हुशार झाली. नवा शेफ त्याला एकदा म्हणालासुद्धा, खैरु, तू अलीकडे चांगला शिक्षक झालास.

घरात मात्र चाखून सांगणारी पोरं नव्हती. रमजानात एका संध्याकाळी शहनाझने वाटपासाठी आणलेला खोबऱ्याचा कीस त्याच्या नाकाखाली धरला. "बरा आहे ना? दुकानात बरेच दिवस पडलेला दिसतोय." त्याने वास घेतल्यासारखं केलं. "मस्त आहे." इफ्तारला एमानने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. शहनाझ म्हणाली, "माझ्याकडून मसाला करपला वाटतं आज. तुम्ही खजूर खा, मी अंडी करते." खैरुद्दीनला ते खरं वाटलं. त्याच्या तोंडात तर हल्ली सगळंच ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं.

ऑक्टोबरात एमानने बातमी आणली. स्टाफच्या आईवडिलांना मिळणारी तिकिटं तिला मिळाली होती. "बोलोन्या, अब्बा. युअर बोलोन्या. वन फुल डे, नो रशिंग. व्हिसा मी करते."

शहनाझला आनंद झाला. खैरुद्दीनला झालेला आनंद वेगळा होता आणि तो सांगण्यासारखा नव्हता. ज्या शहराच्या वासाने आपल्याला हाताला धरून शिकवलं, त्या शहरात गेलं तर नाक जागं होईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टर काय, डॉक्टरला ब्रुनो माहीत नव्हता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, याने तर अख्खं शहर धरलं होतं. विमानात एमान आणि शहनाझ झोपल्या तेव्हा हा ओठांत दुवा म्हणत होता. या अल्ला, मला फक्त तो बोळ दे.

सकाळ थंड होती. बोलोन्यात रस्त्यांच्या कडेने कमानींचे व्हरांडेच व्हरांडे, ऊन नको असेल तर माणूस गावभर सावलीतून हिंडू शकतो. मोठ्या चौकात एक भलंमोठं चर्च होतं. त्याची पुढची भिंत खालून निम्मी संगमरवरी आणि वर नुसती विटांची.

"वरचं काम का राहिलं?" शहनाझने विचारलं.

"पैसे संपले. शेफ सांगायचा. शेकडो वर्षं असंच आहे."

"आणि आपण समोरच्या अर्धवट राहिलेल्या बिल्डिंगवाल्याला उगाच बोलतो."

ती तिघं त्या चर्चच्या पायऱ्यांवर बसली. एमान कॉफी घेऊन आली. शहनाझने तीन युरोचे साडेबारा दिरहम आणि साडेबारा दिरहमचे तीनशे रुपये केले आणि तीनशे रुपयांची कॉफी फार हळूहळू प्यायली. खैरुद्दीनने कप नाकाशी धरला. वाफ लागली.

मग ती जुन्या चर्चेसपाशी गेली. एका चर्चच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या अंगणातून तिसरं, अशी ती एकमेकांत अडकलेली होती. दाराशी उभा असलेला म्हातारा उघड्या खांद्यांच्या टूरिस्ट मुलींना अडवत होता. काळा अबाया आणि डोक्यावर नीट ओढलेला स्कार्फ पाहून त्याने शहनाझला मात्र वाट करून दिली आणि किंचित मानही झुकवली.

"अम्मी, यू आर द ओन्ली वन ड्रेस्ड फॉर चर्च," एमान म्हणाली. शहनाझ लाजली. चर्चमध्ये जावं की जाऊ नये, याचा विचार ती रात्रीपासून करत होती, तो तिथेच संपला.

आत अंधार आणि गारवा होता. मेणबत्त्या जळत होत्या. पुढे कुठेतरी नुकतीच प्रार्थना आटोपली असावी, कारण उजेडाच्या पट्ट्यात धूर तरंगत होता. शहनाझ थबकली. तिने नाक वर केलं आणि तिचा चेहरा उजळला.

"एमानचे अब्बा, लोबान. आपल्याकडचा लोबान आहे हा."

खैरुद्दीनने श्वास ओढला. छाती भरेपर्यंत ओढला. थंड हवा आत गेली आणि बाहेर आली.

"ओमानचा असणार," तो म्हणाला. खोटं बोलायला नाक लागत नाही.

"गुरुवारच्या संध्याकाळी तुमच्या अम्मा अख्ख्या घरात फिरवायच्या. डोळे मिटले की तिथेच आहे बघा मी." ती खरंच डोळे मिटून उभी राहिली. तिच्या शेजारी तोही डोळे मिटून उभा राहिला. ती दाभोळला पोचली होती आणि हा त्याच फरशीवर होता. त्याला तिचा हेवा वाटला. बायकोचा हेवा वाटावा, इतकी गरिबी त्याने कधी पाहिली नव्हती.

तरी आशा होती. चर्च आईसाठी, ब्रुनो म्हणायचा. बाजार अजून बाकी होता.

चौकाच्या मागे ते बोळ सुरू झाले, आणि खैरुद्दीनचे पाय आपोआप जलद पडायला लागले. सगळं तसंच होतं. फळवाल्यांची द्राक्षं आणि अळंबीच्या टोपल्या. बर्फावर पसरलेले मासे. चाकासारखी मोठी चीजं, आणि काचेमागे पीठ लाटून, इवल्याशा घड्या घालणाऱ्या बायका. काही दुकानांत छतापासून डुकराच्या तंगड्या टांगल्या होत्या, त्यांच्याखालून जाताना शहनाझ अबाया आवरून धरत होती. खैरुद्दीन बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. त्याने डोळे मिटले आणि चालायला लागला.

दहा-वीस पावलं तो तसा चालला असेल. मासे नाकावरून जायला हवे होते. पाव जायला हवा होता. लोकांचे आवाज येत होते, ट्रॉलीची चाकं दगडावर खडखडत होती, कुणाची तरी पिशवी गुडघ्याला लागली. वास नव्हता. बाजार त्याच्या दोन्ही बाजूंनी असा चालला होता जसा काचेपलीकडून चालतो. एक म्हातारी त्याच्यावर आदळली आणि काहीतरी पुटपुटत गेली.

"अब्बा, व्हॉट आर यू डूइंग?" एमानने त्याचा दंड धरला.

"काही नाही. शेफ म्हणायचा तसं करून बघत होतो."

"अँड?"

"मस्त," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. एमानला वाटलं जुन्या शेफच्या आठवणीने भरलेत. तिने दंड सोडला नाही. तो बोळ त्याने पुन्हा एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उघड्या डोळ्यांनी चालून पाहिला. मग त्याच्यातली आशा गेली. ती गेली तेव्हा त्याला कळलं की गेले सगळे महिने आपण तिच्यावरच उभे होतो.

वळणावर एका छोट्या दुकानात एक बाई कढईत कणकेचे तुकडे सोडत होती. पडताच ते टम्म फुगून वर येत. शहनाझ तिथे खिळलीच.

"अगं बाई, हे तर आपले वडे."

"क्रेशेंतीने," खैरुद्दीन म्हणाला. नाव त्याला ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं की हे कुठे तेलात तळतात, कुठे डुकराच्या चरबीत. पूर्वीचा खैरुद्दीन असता तर त्याने बोळाच्या त्या टोकावरून सांगितलं असतं.

सकाळपासून शहनाझने कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतं. एमानने एक कागदी पुडा घेतला. "शुड आय आस्क हर, हलाल आहे का?"

"तुझे अब्बा असताना विचारायचं कशाला?" शहनाझ म्हणाली आणि पुड्यातला एक गरम तुकडा उचलून तिने नवऱ्यापुढे धरला.

खैरुद्दीनने तो घेतला. नाकाशी नेला. डोळे मिटले. नको म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. नुसतं नको म्हटलं असतं तरी झालं असतं. पण शहनाझच्या चेहऱ्यावर अजून तो लोबानचा उजेड होता, मुलगी बघत होती, आणि दुकानावर ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांची रांग लावलेली होती. सव्वीस वर्षांची सवय त्याच्या मानेत होती. मान हलली.

"तेलच आहे. खा."

शहनाझ एक क्षण थांबली. मग तिने बिस्मिल्ला म्हणून खाल्लं. "वरून कुरकुरीत, आतून पोकळ. फक्त मेथी नाही." तिने दुसरा घेतला. एमाननेही घेतला. खैरुद्दीन भूक नाही म्हणाला. शहनाझ तिसरा तुकडा मोडत असताना दुकानातल्या बाईने खालून एक पांढरा डबा काढला, त्यातला पांढराशुभ्र, घट्ट गोळा पळीने कापला आणि कढईत सोडला. डब्यावरचा शब्द खैरुद्दीनने वाचला. स्त्रुत्तो. हॉटेलच्या वेगळ्या किचनमध्ये, वेगळ्या कपाटात, हातमोजे घालून तो असले डबे सव्वीस वर्षं उघडत आला होता.

त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. अल्लाला कळलं असतं, पण अल्ला शहनाझला सांगायला आला नसता. दोन पावलं तो गप्पच चालला. मग त्याने तिच्या हातातला तुकडा काढून घेतला.

"शहनाझ, खाऊ नको. डुकराच्या चरबीत तळलंय."

"पण तुम्ही हुंगलंत ना?"

"हुंगलं. मला वास येत नाही. जानेवारीपासून येत नाही."

एमान त्याच्याकडे बघतच राहिली. "जानेवारी? अब्बा, व्हाय डिडंट यू टेल अस?" शहनाझने पुडा घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला. कोपऱ्यावर नळ होता, तिथे तिने तीनदा चूळ भरली. तोंड पुसलं. आणि कुणाकडे न बघता समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरली. तिला बसायला जागा हवी होती.

ते चर्चच निघालं. बाजाराला चिकटून, त्याच गल्लीत. एका बाजूला तिकीट काढून बघायचं काहीतरी होतं. एमानने न विचारता तिकिटं काढली, कारण तिलाही काहीतरी करत राहायचं होतं. आत मातीच्या, माणसाएवढ्या मूर्ती होत्या. जमिनीवर एक मृत देह, आणि भोवती बायका. असल्या बायका खैरुद्दीनने कुठल्याच चर्चच्या फोटोत पाहिल्या नव्हत्या. त्या डोळे खाली घालून हळूच अश्रू ढाळत नव्हत्या. तोंडं वासून, पदर वाऱ्यावर सोडून, धावत येऊन किंकाळी फोडत होत्या.

"कुणाचं मयत आहे?" शहनाझने विचारलं.

"जीझस. ईसा अलैहिस्सलाम. दे बिलीव्ह सो," एमान म्हणाली.

"ते असे गेले, हे आपण नाही मानत." शहनाझ बाकावर बसली. "पण रडणं खरं आहे."

एमान फोनमध्ये काहीतरी वाचत होती. शेवटी ती आईजवळ सरकली. "अम्मी, इट्स नॉट अ सिन. माहीत नसताना खाल्लं तर गुन्हा नाही. इट सेज सो."

"मला माहीत आहे. अजाणतेपणी खाल्लेलं अल्ला धरत नाही." शहनाझचे डोळे त्या किंचाळणाऱ्या बाईवर होते. "पण मी अजाण नव्हते."

खैरुद्दीनला कळलं नाही.

"रमजानातलं खोबरं खवट होतं, एमानचे अब्बा. इतकं खवट की मला पिशवी उघडतानाच मळमळलं होतं. मी मुद्दाम तुमच्या नाकाशी धरलं. तुम्ही मस्त म्हणालात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. तुम्ही नाही सांगितलंत, तर म्हटलं राहू दे, त्यांना नाही सांगायचं. तेव्हापासून मी सगळं आधी स्वतः बघायचे, उझमाला विचारायचे, डब्यावरचं वाचून घ्यायचे, आणि मग तुमच्यापुढे धरायचे. तुमचं मन राहावं म्हणून." तिने स्कार्फ पुढे ओढला. "आज विचारायला कुणी नव्हतं. मुलगी म्हणाली विचारते. मी तिला विचारू दिलं असतं, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं. तुम्ही इतक्या हौसेने आला होतात. मला वाटलं, शंका असेल तर नको म्हणतील. माझ्यासाठी तरी नको म्हणतील."

"मी तुझ्यासाठीच हो म्हटलं," खैरुद्दीन म्हणाला.

"आणि मी तुमच्यासाठी खाल्लं."

ती रडली. आवाज न करता, स्कार्फचं टोक तोंडात धरून रडली. तो तिच्या शेजारी बसून राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला लाज वाटत होती. सव्वीस वर्षं तिने त्याच्या मानेकडे बघून घास घेतला होता, आणि आज ज्या घासाला नाही म्हणायचं होतं त्यालाच त्याने हो म्हटलं होतं. नाक गेलं त्याचं दुःख आता लहान वाटत होतं. नाक अल्लाने नेलं होतं. हे त्याने स्वतः घालवलं होतं.

संध्याकाळपर्यंत ती कमानींखालून हिंडली. शहर सुंदर होतं, कुणीही सांगावं. शहनाझने उरलेल्या दिवसात द्राक्षं आणि पाणी एवढंच घेतलं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी तो नव्या शेफच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शेफ भला माणूस. डिसेंबरअखेरपर्यंत राहा म्हणाला, पोरांना शिकव, नंतर हिशेब करून देऊ. खलास. सव्वीस वर्षं एवढ्याशा बोलण्यात संपली. पोरांनी केक आणला. तो कशाचा होता ते त्याने विचारलं नाही आणि खाल्लाही नाही. घरी शहनाझने कपाटं रिकामी करायला घेतली. एमान एकटी इथे कशी राहील, यावर ती दोघं रोज बोलायची. बोलोन्यातल्या गोष्टीवर बोलायची नाहीत. शहनाझ रागावलेली नव्हती. ती वेळेवर चहा द्यायची, त्याचे कपडे इस्त्री करायची, रात्री पाय दुखले तर चेपायची. फक्त आता ताटली घेऊन ती त्याच्यासमोर थांबत नसे.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी नमाजनंतर दोघं शारजाच्या मासळी बाजारात गेली. तिथला मलबारी मासेवाला खैरुद्दीनला जुना ओळखीचा. दुसऱ्या गिऱ्हाइकांना तो मासा दाखवायचा, याला मात्र कल्ला उघडून थेट नाकाशी द्यायचा. त्या दिवशीही त्याने मोठी सुरमई उचलली, कल्ला उघडला आणि हात पुढे केला. "देखो भाई, एकदम फ्रेश."

खैरुद्दीन मागे सरला. "मॅडम को दिखाओ."

मासेवाल्याला गंमत वाटली. "मॅडम को? आप को क्या हुआ?"

"मेरे को नहीं समझता अब."

शहनाझ पुढे झाली. तिने वाकून वास घेतला. सवयीने तिची नजर नवऱ्याकडे वळली, मग तिने ती परत आणली आणि मासेवाल्याला म्हणाली, "ठीक है. काट दो." सुरमई कापून, काळ्या पिशवीत घालून मिळाली. पिशवी खैरुद्दीनने उचलली. तेवढं काम अजून त्याचं होतं.

टॅक्सीत बसल्यावर थोड्या वेळाने ड्रायव्हरने चारही काचा खाली केल्या. हवा तर गार होती, एसीचीसुद्धा गरज नव्हती. खैरुद्दीनला वाटलं बिचाऱ्याला गरम होत असेल. तेवढ्यात शहनाझ पुढे वाकून म्हणाली, "सॉरी हा भैया, मच्छी है." खैरुद्दीनने खाली पाहिलं. पिशवीला भोक पडून पाणी त्याच्या पँटवर कधीपासून गळत होतं.